शेवाळ किती नत्र खाईल?



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याने आम्हाला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांची थोरली मुलगी गोव्यात खाडीकाठच्या गावी दिली आहे. जावयाचा धंदा मासेमारीचा. अलीकडे जाळ्याला पूर्वीसारखी मासळी लागत नाही, म्हणून कोणीतरी त्याला सल्ला दिला की, खाडीच्या तोंडाशी बांबूचे तराफे टाकून समुद्री शेवाळ लाव. दीड महिन्यात पीक हाती येते, सरकारी सवलत मिळते आणि वर खाडीचे पाणीही आपोआप स्वच्छ होते. ज्या ठिकाणी तराफे टाकायचे तेथे शहराचा एक नाला येऊन मिळतो. "फादर, घाण पाणी म्हणजे शेवाळाला आयते खत, असे ते लोक म्हणतात. जावई माझ्याकडे पन्नास हजार मागतो आहे. देऊ का?"

आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले, शेवाळाची लागवड कोणी शिकवली नाही. तेव्हा वाचून, जाणत्यांना विचारून आणि थोडा हिशेब मांडूनच बोलावे, असे ठरवले. तो हिशेब आज या पानावर मांडत आहोत. कारण प्रश्न एका जावयाचा असला तरी त्याचे उत्तर आपल्या सर्वांच्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचते.

कोणी म्हणेल, आम्ही खानापूर तालुक्यातली घाटावरची माणसे, आम्हाला समुद्राचे काय? पण पाणी कोठे जाते ते पाहा. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळते, तर याच तालुक्याच्या जंगलात जन्मलेली म्हादई घाट उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. एका डोंगरावर पडलेल्या पावसाच्या दोन वाटा होतात, पण दोन्ही वाटा अखेर समुद्रालाच लागतात. आपण वर जे सोडतो ते खाली कोणाच्या तरी दारी जातेच.

शेवाळाची जमेची बाजू

समुद्री शेवाळाला मुळे नसतात. ते आपल्या सर्व अंगाने पाण्यातले अन्न शोषून घेते. आपल्या भाताला जे लागते तेच त्यालाही लागते: नत्र, स्फुरद, पालाश आणि सूर्यप्रकाश. त्याला जमीन लागत नाही, गोडे पाणी लागत नाही आणि वरून खतही घालावे लागत नाही. वाढताना ते पाण्यात प्राणवायू सोडते. त्यापासून अगर, कॅराजीनन असे चिकट पदार्थ निघतात. ते आईस्क्रीममध्ये, दात घासण्याच्या पेस्टमध्ये व औषधांत वापरतात. पिळून काढलेल्या रसाची फवारणी पिकावर करतात. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर या लागवडीने हजारो घरांना, विशेषतः बायकांना, हातात रोख पैसा दिला. केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या मत्स्य संपदा योजनेत एकट्या शेवाळासाठी ६४० कोटी रुपये राखण्याचे ठरवले होते. तेव्हा जावयाला सल्ला देणारा माणूस अगदीच हवेत बोलत नव्हता.

पाणी स्वच्छ होते हेही खोटे नाही. जगातील निम्म्याहून अधिक समुद्री शेवाळ चीन पिकवतो. तेथील पिकाबरोबर दरवर्षी सुमारे ७५,००० टन नत्र आणि ९,५०० टन स्फुरद समुद्राबाहेर येते, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. काही आखातांत शेवाळ लावल्यावर पाणी लाल करणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा जोर कमी झाल्याचेही आढळले आहे. ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्याच शास्त्रज्ञांनी पुढचा हिशेबही दिला आहे. चीनच्या किनाऱ्यावर जमिनीवरून येणारे सगळे नत्र शेवाळाने खायचे म्हटले तर शेवाळशेतीचे क्षेत्र होते त्याच्या १७ पट करावे लागेल. इतकी मोठी शेवाळशेती असलेल्या देशाची ही स्थिती, तर एका नाल्याच्या तोंडाशी चार तराफे टाकून काय साधणार?

आपल्या भाषेतला हिशेब

मोठे आकडे डोक्यावरून जातात, म्हणून युरियाच्या पिशवीत बोलू. युरियात ४६ टक्के नत्र असते. आजच्या ४५ किलोच्या पिशवीत सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र भरले. कोरड्या शेवाळात नत्राचे प्रमाण जातीप्रमाणे व पाण्याप्रमाणे बदलते. आपण सढळ हाताने ३ टक्के धरू. म्हणजे एका पिशवीतले नत्र बाहेर काढण्यासाठी ६९० किलो कोरडे शेवाळ हवे. ओले शेवाळ साधारण त्याच्या दसपट, म्हणजे जवळजवळ सात टन.

आता तराफा पाहा. आपल्या देशात प्रचलित असलेला बांबूचा तराफा सुमारे ३ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. त्यावर ६० किलो बी, म्हणजे शेवाळाचे तुकडे, बांधतात. हवामान नीट असले तर ४५ दिवसांत २४० किलोच्या आसपास ओले पीक मिळते. त्यातले ६० किलो पुढच्या लागवडीला ठेवले, तर प्रत्यक्ष वाढ १८० किलोची. हंगामात अशा चार काढण्या झाल्या असे धरले, तरी एका पिशवी युरियाचे नत्र परत घेण्यास जवळजवळ दहा तराफे पूर्ण हंगामभर राबवावे लागतात.

पिशवी राहू द्या, माणसाचे पाहू. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला ४ किलोच्या आसपास नत्र बाहेर पडते. हजार वस्तीच्या गावाचे ४,००० किलो झाले, म्हणजे युरियाच्या १९० हून अधिक पिशव्या. तेवढे नत्र तराफ्यांनी उचलायचे तर अठराशे तराफे लागतील. त्यातही आपल्या देशात जी जात तराफ्यांवर मुख्यत्वे लावतात त्या कप्पाफायकसमध्ये नत्राचे प्रमाण आपण धरल्यापेक्षा कमी असते, म्हणजे तराफे आणखी वाढले. आणि शहर तर हजार वस्तीचे नसते!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शेवाळ नत्र खाते म्हणजे ते नाहीसे करते असे नव्हे. ते आपल्या अंगात साठवून ठेवते. पीक वेळेवर कापून बाहेर काढले तरच नत्र समुद्राबाहेर जाते. कापणी चुकली, दर पडला म्हणून तराफे तसेच सोडले, वादळाने तुटले, तर ते शेवाळ तळाशी जाऊन कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि खाल्लेले नत्र परत पाण्यात सोडते. बँकेत ठेवलेली रक्कम आणि फेडलेले कर्ज यात जो फरक आहे, तोच येथे आहे.

जास्त खताच्या शेतात आधी तण वाढते

ज्याने शेत केले आहे त्याला हे समजावून सांगायला नको. भातात एकदम जादा युरिया फेकला तर पीक लोळते, कीड येते आणि भाताआधी तण माजते. पाण्यातही तसेच आहे. नाल्याच्या घाणीने पहिल्याने फोफावतात त्या सूक्ष्म हिरव्या वनस्पती आणि केसासारखे बारीक शेवाळ. पाणी गढूळ होऊन सूर्यप्रकाश खाली पोहोचत नाही. बारीक शेवाळ दोरीवर आणि पिकावरच चढून बसते, मग लावलेले पीक अशक्त होऊन सडू लागते. नाल्याच्या पाण्याबरोबर गाळ आणि गोडे पाणीही येते, आणि कप्पाफायकसला गोडे पाणी मुळीच सोसत नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने तर उधाण व गोडे पाणी दोन्ही असते, म्हणजे तराफे बाहेर काढावेच लागतात. ज्या महिन्यांत डोंगरावरून सर्वांत जास्त खत आणि घाण वाहून येते, त्याच महिन्यांत ती खाणारे शेवाळ पाण्यात नसते! या एका गोष्टीनेच "आपोआप स्वच्छ" या बोलण्याची किंमत कळावी.

हे तण किती माजू शकते याचे मोठे उदाहरण चीनमध्येच घडले. २००८ साली ऑलिंपिकमधील शिडाच्या होड्यांच्या शर्यती चिंगदाओ शहराजवळच्या समुद्रात व्हायच्या होत्या. त्याआधी काही आठवडे तेथील समुद्र मैलोन्‌मैल हिरव्या शेवाळाने झाकून गेला. सैनिक व नागरिक मिळून हजारो माणसे लावून सुमारे दहा लाख टन शेवाळ काढावे लागले. शोध घेता माग दक्षिणेकडे ज्यांगसू प्रांताच्या किनाऱ्यावर गेला. तेथे नोरी नावाच्या खाण्याच्या शेवाळाची मोठी लागवड आहे. नोरीच्या दोऱ्यांवर व बांबूंवर उल्वा नावाचे हिरवे शेवाळ तणासारखे चढते. काढणीच्या वेळी ते खरवडून समुद्रात टाकले जाते. पाण्यात आधीच नत्र भरपूर, वर उन्हाळा. ते तरंगत, वाढत उत्तरेकडे गेले. तेव्हापासून पिवळ्या समुद्रात जवळजवळ दरवर्षी ही हिरवी लाट येते. लक्षात घ्या, नोरीने कोणाचे वाईट केले नाही. खताने भरलेले पाणी आणि तण खरवडून शेजाऱ्याच्या शेतात टाकण्याची सवय, या दोहोंनी मिळून हे केले.

कुजणारे शेवाळ किती घातक होऊ शकते ते फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताने पाहिले. तेथे शेवाळाची लागवड नव्हती; डुकरांच्या मोठ्या गोठ्यांचे मलमूत्र व शेतातील खत नद्यांतून किनाऱ्यावर येत होते आणि हिरवे शेवाळ आपोआप माजत होते. २००९ साली किनाऱ्यावर साचून कुजलेल्या शेवाळातून निघालेल्या विषारी वायूने एक घोडा जागीच मेला आणि त्यावरचा स्वार बेशुद्ध पडला. २०११ साली त्याच प्रांतातील एका खाडीमुखाशी ३६ रानडुकरे मेलेली आढळली. हा वायू म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. जेथे शेवाळाचे ढीग साचतात तेथे मुलांना खेळू देऊ नये, याचे कारण हेच.

परकी जात आणि झाकलेला तळ

आणखी एक बाजू आहे. तराफ्यांवरचे कप्पाफायकस आपल्या समुद्राचे नव्हे. ते मूळचे फिलिपिन्सकडचे. मन्नारच्या आखातात त्याची लागवड सुरू झाल्यावर काही वर्षांनी कुरुसडाई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर ते पसरून प्रवाळ गुदमरत असल्याचे २००८ साली शास्त्रज्ञांनी नोंदले. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात अशाच जाती १९७०च्या दशकात आणल्या होत्या. पुढे त्या प्रवाळांवर चढल्या, आणि माणसे लावून, यंत्राने ओढून व समुद्री साळू सोडून त्या आवरण्याचे काम तेथे वर्षानुवर्षे करावे लागले. निलगिरी आणि गाजरगवत पाहिलेल्या आपल्यासारख्यांना परक्या वनस्पतीचा धडा नवा नाही.

तराफे दाटीने टाकले तर त्यांच्या सावलीत खालचे समुद्री गवत मरते. त्या गवतावर माशांची पिल्ले वाढतात. दाट शेवाळ पाण्याचा प्रवाह मंद करते, रात्री स्वतःही प्राणवायू वापरते. तुटलेल्या प्लास्टिकच्या दोऱ्या जाळ्यांत आणि कासवांच्या गळ्यात जातात. खुल्या, वाहत्या पाण्यात यातले बरेच सोसले जाते. कोंडलेल्या खाडीत सोसले जात नाही. गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात तळाकडचा प्राणवायू फार कमी होतो आणि ही ओढ वाढते आहे. अशा समुद्रात कुजणाऱ्या मालाची भर घालणे म्हणजे दम्याच्या रोग्याच्या खोलीत चूल पेटवण्यासारखे आहे.

ताटात येणारे शेवाळ

या पानावर आरोग्याचाही विचार करायचा असतो. शेवाळ नत्र शोषते तसेच शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांसारखे जड धातूही शोषते. नाल्यातील रोगजंतू ते खात नाही. ते त्याच्या अंगाला चिकटून राहतात. ब्रिटनच्या अन्नविषयक खात्याने २००४ साली हिजिकी नावाचे जपानी शेवाळ खाऊ नये, असे लोकांना सांगितले, कारण त्यात घातक स्वरूपातील आर्सेनिक आढळले. काही जातींत आयोडिन इतके असते की कंठग्रंथीचा विकार असलेल्यांनी ते जपूनच खावे. म्हणून ज्या पाण्यात गटार येते तेथले शेवाळ खाण्यासाठी, गुराढोरांच्या चाऱ्यासाठी किंवा घरगुती औषधासाठी विकणे हा शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ होय. तेथले पीक कारखान्याकडे जावे, आणि तेही तपासणी करून. खत म्हणून शेतात टाकायचे झाले तरी धातूंची तपासणी आधी हवी. नाही तर नाल्यातील विष फिरून आपल्याच वांग्यात यायचे.

समुद्रालाही उपाशी ठेवता येत नाही

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नत्र हे विष नव्हे. जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात कारखाने व शहरे यांच्या सांडपाण्याने लाल लाटांचा कहर झाला होता. १९७२ साली पाळलेले सुमारे १ कोटी ४० लाख मासे मेले. १९७३ साली खास कायदा झाला, सांडपाण्यावर कडक बंधने आली, आणि पाणी खरोखर सुधारले. पण पुढे काही भागांत पाणी इतके निवळले की नोरीला अन्न पुरेना. तिचा काळा रंग उडाला, दर पडला. तेव्हा २०२१ साली कायद्यात बदल करून गरज असेल तेथे मोजून-मापून अन्नद्रव्ये समुद्रात सोडण्यास वाट करून दिली.

सांगायचे तात्पर्य, समुद्र हेही एक शेत आहे. त्याला खत लागते, पण मापाने आणि वेळेवर. जपान्यांनी आधी नाले आवरले, मग माप ठरवले. आपल्याकडे नाला आवरण्यापूर्वीच "शेवाळ आहे की" असे म्हणण्याची घाई दिसते. आमची खरी हरकत शेवाळाला नसून या घाईला आहे. उद्या एखादी नगरपालिका किंवा कारखाना म्हणेल, खाडीत तराफे आहेत, आता सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कशाला? गरीब कोळ्याचा तराफा मग दुसऱ्याच्या घाणीचा परवाना होऊन बसेल. पीक सडले तर नुकसान कोळ्याचे, नफा मात्र घाण सोडणाऱ्याचा. हा न्याय नव्हे.

आता आपली पाळी

दुसऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी आपला बांध पाहू. भाताला घातलेल्या युरियातील निम्म्याहून कमी नत्र साधारणतः पिकाच्या अंगी लागते. बाकीचे काही हवेत उडते, काही मातीत राहते आणि काही पाण्याबरोबर ओढ्याला जाते. ते आपल्या पैशाने विकत घेतलेले असते, हे विसरू नये. समुद्रासाठी नाही, तर निदान आपल्या खिशासाठी तरी पुढील गोष्टी कराव्यात.

माती तपासून घ्यावी आणि शिफारशीपेक्षा जास्त युरिया टाकू नये. सगळा युरिया एकदम न टाकता लावणीच्या वेळी, फुटवे फुटताना आणि लोंबी धरण्यापूर्वी असा विभागून द्यावा. आभाळ भरून आलेले असता खत फेकू नये. खत देताना खाचरातील पाणी आधी काढावे, मग खत देऊन एक-दोन दिवसांनी पाणी घ्यावे, आणि पुढे काही दिवस ते पाणी बांध फोडून खालच्या शेतात सोडू नये. बांधावर गिरिपुष्प लावावे, जमेल तेथे ताग गाडावा. शेणाच्या खड्ड्याला काठ करावा, म्हणजे आषाढाच्या सरींनी वर्षभराचे खत ओढ्यात जाणार नाही. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये.

आणि एक कबुली. आमच्या मिशन आवारातील संडासाचे पाणी कित्येक वर्षे मागच्या चरात जात होते, आणि आम्हीही त्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले. हा लेख लिहायला बसलो तेव्हा ते डोळ्यांपुढे आले. या उन्हाळ्यात तेथे नीट शोषखड्डा करण्याचे काम हाती घेत आहोत. दुसऱ्याच्या नाल्यावर बोलणाऱ्याने आधी आपला चर बुजवावा, एवढे तरी आम्हाला कळले पाहिजे.

जावयाला काय सांगावे?

आम्ही त्या शेतकऱ्याला जे सांगितले ते असे. जावयाची अडचण खरी आहे, त्याला वाऱ्यावर सोडू नका. पण नाल्याच्या तोंडाशी तराफे टाकायला पन्नास हजार देऊ नका. पैसा देण्यापूर्वी त्याला पाच प्रश्न विचारा. जागेचे पाणी कोणी तपासले आहे काय? लावायची जात आपल्या किनाऱ्याची आहे की बाहेरची, आणि बाहेरची असल्यास तिची परवानगी कोणाची? पीक कोण घेणार, कोणत्या दराने, आणि ते कागदावर आहे काय? पावसाळ्यापूर्वी तराफे व दोऱ्या बाहेर काढून ठेवायला जागा आहे काय? आणि एक काढणी बुडाली तर घर कसे चालेल? रामनाथपुरमकडेही २०१३ नंतर पाणी तापून व रोग पडून उत्पादन एकदम घसरले होते, हे त्याने विसरू नये.

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर नाल्यापासून दूर, वाहत्या पाण्यात चार-पाच तराफ्यांनी एक हंगाम करून पाहावा. शक्य तर आपल्याच किनाऱ्याच्या जातीबद्दल मत्स्य खात्याकडे विचारणा करावी. मासेमारी सोडू नये; शेवाळ हा जोडधंदा समजावा. काढणीत निघालेले तण समुद्रात न फेकता किनाऱ्यावर आणून खड्ड्यात घालावे. आणि गावच्या इतर कोळ्यांबरोबर जाऊन नाल्याबद्दल ग्रामसभेत लेखी विचारणा करावी. एकट्याने केलेली तक्रार दप्तरात पडून राहते, वीस सह्यांची पडून राहत नाही.

सगळे ऐकून घेऊन तो शेतकरी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे फादर, आधी नाला, मग तराफा." आम्ही चार रात्री जागून जे जमवले ते त्याने चार शब्दांत सांगितले! जाताना त्याने आणखी एक विचारले: "आणि माझ्या शेतातला युरिया?" तो प्रश्न आम्ही या पानावर तुमच्यापुढे ठेवत आहोत.

पेरणीपूर्वी माती तपासायची असेल त्यांनी आपल्या शेतातील चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र मिसळून, सावलीत वाळवून, अर्धा किलो माती स्वच्छ कापडी पिशवीत घालून, नाव व सर्व्हे नंबर लिहून, महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे आणून द्यावी. सर्व पिशव्या एकत्र करून रयत संपर्क केंद्रात पोहोचवण्याची जबाबदारी आमची.